शाळेच्या सभेत पालकांच्या बोलण्याला नियम असावेत का, आणि असल्यास कसे?

प्रश्न : वाडीतील पालक

नमस्कार. माझी मुलगी बडोद्यातील एका अनुदानित शाळेत सहावीत शिकते आणि यंदा शाळा व्यवस्थापन समितीवर पालकांच्या वतीने माझी निवड झाली आहे. समितीच्या सभेला इतर पालकांनीही येऊन बसावे आणि शेवटचा अर्धा तास त्यांनी बोलावे, अशी प्रथा आमच्या शाळेने दोन वर्षांपूर्वी स्वतःहून सुरू केली. प्रथा चांगली आहे आणि ती टिकावी असे मला मनापासून वाटते. परंतु मागच्या सभेनंतर ती टिकते की नाही, अशी शंका येऊ लागली आहे.

त्या दिवशी एका गृहस्थांनी माइक हातात घेतला तो पंचवीस मिनिटे सोडलाच नाही. फाटकासमोरच्या रिक्षांच्या गर्दीपासून त्यांनी सुरुवात केली, मग ते गृहपाठावर आले आणि शेवटी एका शिक्षिकेचे नाव घेऊन तिच्या शिकवण्यावरून थेट तिच्या घरच्या परिस्थितीपर्यंत पोहोचले. त्या बाई तिथेच, भिंतीलगतच्या खुर्चीवर, हजेरीपट मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांना उठून जाता येत नव्हते आणि उत्तरही देता येत नव्हते. मागून दुसऱ्या रांगेत एक आई बसली होती. ती मूळची खानदेशातली, चार घरी पोळ्या करते, घरी अहिराणी बोलते आणि गुजराती बोलायला बिचकते. मुलाकडून वहीच्या कागदावर लिहून घेतलेला, चार घड्या घातलेला प्रश्न तिच्या मुठीत होता. तिने दोनदा हात वर केला. सहा वाजले, शिपाई खिडक्या लावू लागले आणि तिने तो कागद बटव्यात ठेवून दिला. जिना उतरताना मी विचारले तेव्हा कळले की मुलींच्या स्वच्छतागृहाची आतली कडी तुटली आहे, मुली आळीपाळीने एकमेकींसाठी दार धरून उभ्या राहतात, आणि म्हणून तिची मुलगी शाळेत दिवसभर पाणीच पीत नाही.

आता शाळेने नियमांचा एक कच्चा खर्डा माझ्याकडे दिला आहे. प्रश्न आठ दिवस आधी लेखी द्यावा, आपल्या पाल्याच्या वर्गापुरतेच बोलावे, कोणाही शिक्षकाचे नाव घेऊ नये आणि शाळेची बदनामी होईल असे काही बोलू नये, असे त्यात म्हटले आहे. तो वाचताना मला सारखे वाटत राहिले की त्या गृहस्थांना आवर घालण्यासाठी केलेल्या या नियमांनी सर्वांत आधी त्या आईचेच तोंड बंद होईल, कारण लिहून देणे तिलाच जड जाते आणि स्वच्छतागृह हा काही एका वर्गाचा विषय नाही. तरीही नियमच नकोत असे मागच्या सभेनंतर मी म्हणू शकत नाही. बोलण्यासाठी वेळ किती ठेवावा, नाव घेण्याला मनाई असावी का, आणि 'बदनामी' या शब्दाचे काय करावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, दांडिया बाजार

ताई, मी एकतीस वर्षे शिकवले, त्यांपैकी शेवटची नऊ वर्षे मुख्याध्यापक होतो. तेव्हा टेबलाच्या पलीकडच्या बाजूचे दुखणे मी सांगतो. नाव घेण्यावरच्या मनाईकडे शाळेची पळवाट म्हणून पाहू नये. माझ्या वेळी एका वालीसभेत (गुजराती शाळांत पालकसभेला हाच शब्द चालतो) एका वडिलांनी गणिताच्या शिक्षकांचे नाव घेऊन सांगितले की त्यांनी मुलाला दोन तासिका वर्गाबाहेर उभे केले. सत्तर-ऐंशी पालकांसमोर हे बोलले गेले. दुसऱ्या दिवशी मी बदली तासिकांची वही उघडून पाहिली, तेव्हा ते शिक्षक त्या दिवशी निवडणुकीच्या कामावर गेले होते आणि वर्गावर दुसरेच कोणी होते असे निघाले. वडील सज्जन होते, माझ्या खोलीत येऊन त्यांनी क्षमा मागितली. पण आरोप ऐंशी जणांनी ऐकला आणि क्षमा आम्ही तिघांनी. त्या शिक्षकांनी पालकांशी मोकळेपणाने बोलणे सोडले ते निवृत्त होईपर्यंत.

म्हणून माझे मत असे की प्रश्न आधी यावा, लेखी यावा आणि त्यात नाव नसावे. लेखी प्रश्न हाती असला की मुख्याध्यापकाला चौकशी करून उत्तर आणता येते. ऐनवेळी विचारले तर तो 'बघतो' म्हणतो आणि ते बघणे तिथेच राहते. आपल्या मुलाविषयी बोलायचे असेल तर त्यासाठी वेगळी भेट घ्यावी. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २४ प्रमाणे पालकांना नियमितपणे भेटून मुलाची हजेरी, आकलन आणि प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे, त्यासाठी सभेत उभे राहण्याची गरज नाही.

उत्तर : गोत्रीतील पालक, काही वर्षे कॅलिफोर्नियात वास्तव्य

सरांच्या अनुभवाचा पूर्ण आदर ठेवून मी वेगळे मत मांडते. माझी दोन्ही मुले कॅलिफोर्नियातील सरकारी शाळांत शिकली. तिथे एका भागातील सर्व सरकारी शाळांचा कारभार लोकांनी निवडून दिलेले स्कूल बोर्ड पाहते. त्या बोर्डाच्या सभांना मी सहा वर्षे जात होते आणि तिथे बोलण्याचे नियम ज्या बारकाईने केलेले आहेत त्यांतील काही आपल्याला नक्की उपयोगी पडतील.

मुळाशी ब्राऊन अ‍ॅक्ट नावाचा १९५३ चा राज्याचा कायदा आहे. नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते, आणि प्रत्येक विषयावर बोर्डाने निर्णय घेण्याच्या आधी किंवा घेत असताना लोकांना बोलू द्यावे लागते. निर्णय झाल्यावर लोकांना बोलायला देण्याला तिथे अर्थ नाही, आणि आपल्याकडे नेमके 'शेवटचा अर्धा तास' असे ठेवले जाते, याचा विचार व्हावा. विषयपत्रिकेत नसलेल्या बाबीवरही बोलता येते. फक्त सभासदांना त्यावर तिथल्या तिथे चर्चा किंवा ठराव करता येत नाही. थोडक्यात उत्तर द्यावे, खुलासा विचारावा किंवा ते काम कर्मचाऱ्यांकडे सोपवावे, एवढेच करता येते. हे बंधन बोलणाऱ्यावर नाही, बोर्डावर आहे, आणि त्यामागचे कारण मला फार पटले : तो विषय निघणार हे ज्यांना ठाऊक नव्हते आणि म्हणून जे आलेच नाहीत, त्यांच्या पाठीमागे निर्णय होऊ नये.

वेळ बहुतेक ठिकाणी माणशी तीन मिनिटे आणि एका विषयाला एकूण वीस मिनिटे असतो. आमच्या सभागृहात बोलणाऱ्यासमोर एक छोटा दिवा होता, हिरवा, मग पिवळा, मग लाल. लाल दिवा लागला की कोणीही असो, अध्यक्ष आभार मानत आणि पुढचे नाव पुकारत. कोणी किती वजनदार आहे ते दिव्याला कळत नाही, त्यामुळे अध्यक्षांना कोणाला तोडल्याचा दोषही लागत नाही.

आपण लिहिलेल्या त्या आईवरून आठवले ते सांगते. वेळेची मर्यादा असेल तर ज्या व्यक्तीला दुभाष्याची मदत लागते तिला किमान दुप्पट वेळ द्यावा, असे त्या कायद्यातच लिहिले आहे. एकाच वेळी भाषांतर ऐकवणारी यंत्रे असतील तेवढाच अपवाद. एका संध्याकाळी एक आजी स्पॅनिशमध्ये शाळेच्या बसच्या थांब्याविषयी बोलल्या. दुभाष्या प्रत्येक वाक्यानंतर इंग्रजीत सांगत होता आणि दिवा सहा मिनिटांवर लावला होता. त्यांच्या आधी बोललेल्या वकिलांना तीनच मिनिटे मिळाली होती आणि त्यांनी तक्रार केली नाही.

आता नावाविषयी. बोर्डाची धोरणे, कामकाज, केलेल्या किंवा न केलेल्या गोष्टी यांवरच्या टीकेला मनाई करता येत नाही, असे ब्राऊन अ‍ॅक्टमध्ये स्पष्ट आहे. कॅलिफोर्नियातीलच मोरेनो व्हॅली येथील बोर्डाने खुल्या सभेत कर्मचाऱ्यांवर आरोप करण्यास बंदी घातली होती, तिला १९९६ मध्ये संघीय न्यायालयाने स्थगिती दिली. ओहायोतील एका बोर्डाने 'वैयक्तिक रोखाचे', 'अपमानकारक' आणि 'वैरभावाचे' बोलणे बंद केले होते. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ते नियम रद्द ठरवले, कारण अशा शब्दांच्या आधारे स्तुती चालू राहते आणि फक्त टीका थांबवली जाते. वेळ, क्रम आणि विषयाशी संबंध यांचे नियम मात्र चालतात, आणि सभा खरोखरच बंद पाडणाऱ्याला ताकीद देऊन बाहेरही काढता येते.

सरांच्या गणिताच्या शिक्षकांसाठीही तिथे सोय आहे. कर्मचाऱ्याविरुद्धची विशिष्ट तक्रार बोर्डाला बंद दाराआड ऐकता येते, पण त्या कर्मचाऱ्याला किमान २४ तास आधी लेखी कळवावे लागते आणि ती सुनावणी खुल्या सभेत व्हावी असे त्याने म्हटले तर तशी घ्यावी लागते. दार बंद असावे की उघडे, हे ज्याच्यावर आरोप आहे तो ठरवतो.

एक खुलासा करते. अमेरिकेत सगळीकडे असेच आहे असे समजू नये. काही राज्यांत कायदा सभेत बसण्याचा हक्क देतो, बोलण्याचा नाही.

उत्तर : वकील, रावपुरा

वरील माहिती उपयुक्त आहे. त्या निकालांचे बंधन आपल्यावर नाही, परंतु त्यांतील विचार घेण्यास काहीच हरकत नाही. आपल्या कायद्याची चौकट थोडक्यात सांगतो.

शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित शाळांतील समितीचे काम सल्ला देण्यापुरते ठेवले आहे, म्हणून आपल्या समितीचा ठराव शाळेच्या व्यवस्थापनावर आदेशासारखा चालणार नाही. तथापि सल्ला देणाऱ्या समितीने पालकांचे ऐकून सल्ला द्यावा, याला कायद्याची कोठेही आडकाठी नाही. उलट बाजूही लक्षात घ्यावी : समितीबाहेरच्या पालकांना सभेत बोलण्याचा हक्क हा कायदा देत नाही. आज आपल्याकडे जे आहे ती शाळेची प्रथा आहे आणि प्रथा एका मुख्याध्यापकांच्या बदलीनेही बंद पडू शकते. म्हणून नियम कसेही असोत, ते ठराव करून इतिवृत्तात नोंदवून घ्या. केंद्र सरकारच्या २०१० च्या नियमांत समितीची सभा महिन्यातून किमान एकदा व्हावी आणि तिचे इतिवृत्त लोकांना उपलब्ध असावे, असे आहे. ते नियम केंद्रशासित प्रदेशांसाठी आहेत आणि गुजरातचे स्वतःचे नियम २०१२ चे आहेत, तरी नमुना म्हणून त्यांचा आधार घेता येईल.

येथे बडोद्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सबंध संस्थानात लागू केले. त्या काळाच्या मानाने पाऊल फार मोठे होते, पण त्या व्यवस्थेत पालकाची भूमिका मूल शाळेत पाठवणे आणि न पाठवल्यास दंड भरणे, एवढीच होती. पालकाला समितीतली खुर्ची मिळायला त्यानंतर शंभर वर्षे लागली, तेव्हा तिचा अर्थ जपून लावला पाहिजे.

'बदनामी' हे कलम संपूर्ण वगळावे, असा माझा सल्ला आहे. अब्रुनुकसानीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आहेच. शाळेने त्याची दुय्यम आवृत्ती करण्याचे कारण नाही, आणि कडी तुटली आहे हे वाक्यसुद्धा त्या शब्दात बसवता येते. त्याच कलमातील एक अपवाद मात्र नियमांच्या रचनेसाठी मोलाचा आहे. ज्याला चौकशीचा अधिकार आहे अशा व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार अब्रुनुकसानी ठरत नाही. माइकवर ऐंशी जणांना सांगितलेला आरोप आणि समितीकडे सहीनिशी दिलेला अर्ज यांत म्हणूनच फरक पडतो. व्यक्तीविषयीच्या तक्रारीला लेखी वाट ठेवणे हे पालकाच्याही हिताचे आहे, पण त्या अर्जात नाव असणारच, नावाशिवाय चौकशी होऊ शकत नाही.

एका बाबतीत मी अपवाद मानत नाही. मुलाच्या लैंगिक छळाची शंका असेल तर तो विषय कोणत्याही सभेत, उघड्या वा बंद, चर्चेला घेऊ नये. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला माहिती आहे त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि मुलाची ओळख उघड होऊ न देणेही तितकेच बंधनकारक आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. अशा तक्रारीचे समाधान शाळेत झाले नाही तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा अशी तरतूद आहे, आणि त्यावर राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. ही वाट नियमांच्या कागदावर छापलेली असावी.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, दांडिया बाजार

वकीलसाहेबांचा आणि गोत्रीच्या ताईंचा मुद्दा मला पटला. आरोप झालेल्या शिक्षकाला आधी कळवणे आणि उघड की बंद हे त्याला ठरवू देणे, एवढी सोय माझ्या शाळेत असती तर तो प्रसंग टळला असता. आठ दिवसांची अट मी मागे घेतो. व्यक्तीविषयीची तक्रार लेखी असावी आणि बाकी सर्व विषयांवर तोंडी बोलण्यास मोकळीक असावी, असे करता येईल. चौकशी करून द्यायच्या उत्तराला मात्र मुदत हवी, आणि ती मुख्याध्यापकावर असावी.

उत्तर : प्राथमिक शिक्षिका, मांडवी परिसर

मी कायद्याचे सांगू शकत नाही, पण सभा रोज माझ्या डोळ्यांसमोर होतात म्हणून दोन व्यवहाराच्या गोष्टी सुचवते. आमच्या वर्गाच्या पालकसभेत मी दारातच कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली ठेवते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा प्रश्न सातवीतल्या मुली त्यांच्या भाषेत ऐकून लिहून देतात. चिठ्ठ्या डब्यात जातात आणि आलटूनपालटून एक चिठ्ठी, एक हात वर केलेली व्यक्ती, असा क्रम चालतो. ज्यांनी मागच्या सभेत बोलून घेतले आहे त्यांचा क्रमांक इतरांनंतर. आणि माइक हातात देऊ नये, तो स्टँडवर असावा; हातात आलेला माइक माणूस लवकर परत करत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे.

उत्तर : वाडीतील पालक

सर्वांचे मनापासून आभार. कालच्या रात्री बसून मी नवा मसुदा लिहिला. प्रत्येकाला तीन मिनिटे, दुसऱ्याकडून भाषांतर करून घ्यावे लागणाऱ्याला सहा; गुजराती, मराठी, हिंदी किंवा आपल्या बोलीत बोलण्याची मुभा; विषयपत्रिका तीन दिवस आधी फाटकावर आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर; पालकांचे बोलणे सभेच्या सुरुवातीला, ठरावांच्या आधी. शाळेच्या कोणत्याही व्यवस्थेवर टीका करता येईल. शिक्षकाविषयीची तक्रार समितीकडे लेखी, त्या शिक्षकाला आधी कळवून. जे प्रश्न येतील ते, आणि त्यांचे उत्तर पंधरा दिवसांत काय मिळाले ते, इतिवृत्तात. 'बदनामी' आणि 'आपल्या वर्गापुरते' ही दोन्ही वाक्ये काढली आहेत. चिठ्ठ्यांचा डबा आणि माइकचा स्टँड यांची जबाबदारी मी घेतली आहे.

आज सकाळी तो मसुदा मी त्या आईला मराठीत वाचून दाखवला. तिने तो शांतपणे ऐकला, सहा मिनिटे तिला पुष्कळ वाटली, आणि मग तिने एकच विचारले : सभा किती वाजता? चार ते सहा ही तिची संध्याकाळच्या पोळ्यांची वेळ आहे, आणि मागच्या सभेसाठी तिने दोन घरचे काम बुडवले होते, एका घरी त्याचे पैसेही कापले गेले. हा मुद्दा आपल्यापैकी कोणाच्याच लक्षात आला नव्हता, माझ्याही नाही. सभा रविवारी सकाळी दहाला घ्यावी, असे कलम मी मसुद्यात सर्वांत वर घातले आहे. शिक्षकांची रविवारची सुट्टी जाते, तेव्हा त्यांना तिच्या बदल्यात दुसरी सुट्टी कशी देता येईल, हे सरांनी किंवा मांडवीच्या बाईंनी सांगितले तर शुक्रवारपर्यंत तेही लिहून देते.